कल्ला

तेवीस वर्षं आचऱ्याच्या बंदरात मी लिलाव पुकारतो.
टोपली वाळूवर टेकली की घसा उघडतो:
सातशे, साडेसातशे, आठशे एक वार.
समोर कोण उभं आहे ते मला दिसतं.
हॉटेलवाले पेडणेकर बोली लावताना कान खाजवतात,
रेहाना मुजावर तोंडच उघडत नाही,
नुसता पायाचा अंगठा वाळूत रुतवते
आणि त्या अंगठ्याचा भाव मला कळतो.
घेण्याआधी जो तो वाकतो,
इसवणीचा कल्ला बोटाने उचलून बघतो.
लाल असेल तर ताजी. तपकिरी असेल
तर पुकारणारा कितीही गोड ओरडो.

आणि मीच,
नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना
धाकट्याच्या होडीचं मशीन जाम झालं म्हणून
रात्री साडेअकराला, फोनच्या उजेडात,
अशा मशीनवर बोली लावत बसलो
ज्याचा मला साधा वासही आला नव्हता.
फोटो एकच. निळी ताडपत्री, तिच्यावर मशीन,
मागे कठड्यावर कावळा, मान वळवलेला.
पस्तीस हजार. कोणीतरी छत्तीस म्हणालं.
मी सदतीस. ते अडतीस.
त्याला ना कान होते खाजवायला, ना अंगठा,
फक्त एक नाव, कालच जन्मलेलं,
आणि कोपऱ्यात उलटे धावणारे सेकंद.
(विकणाऱ्याचाच डावा हात होता तो. हे नंतर कळलं.)

जिंकलो. एक्केचाळीस हजार पाचशेला.
लगेच मेसेज: साहेब, साइटवरून कशाला,
कमिशन तुमचंच जातं, टोकन थेट टाका,
उद्या गाडीत चढवतो.
साडेचार हजार टाकले.
मग: बाकीचे दुपारपर्यंत, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

जयवंती पेडवे साफ करत होती.
वर न बघता म्हणाली, "कल्लो बघलंस?"
मशिनीक खयचो कल्लो?
"चालू करून दाखव म्हणान सांग तेका. आत्ता. व्हिडिओवर.
कोरलेलो नंबर दाखव म्हणान सांग. मगे पैसे."

फोन लावला. तो म्हणाला, नेटवर्क नाही.
म्हटलं, आमचा माणूस येऊन बघेल. म्हणाला, गोडाऊन बंद.
म्हटलं, मग बाकीचे साइटवरूनच देतो.
तो काहीच म्हणाला नाही.
संध्याकाळी त्याचं नावच नव्हतं.

दोन दिवसांनी एकोणीसशे तीसला फोन केला, बँकेत गेलो.
बाईंनी तारीख, वेळ, नंबर लिहून घेतले.
विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?
काय सांगू? लाज उन्हात वाळत घालून
तिची राखण करत बसलो होतो.
बंदरावर तर अक्षर काढलं नाही.
लिलाववाल्याला लिलावात गंडवलं म्हटल्यावर
पेडणेकर दोन्ही कान खाजवतील.

आठवड्याने रोशन तारी आला, फोन पुढे धरून.
वडिलांची जुनी होडी नुकतीच हाती आलेली,
डोळे तुकतुकीत.
"काकानु, बघा, सस्त्यात गावता."
निळी ताडपत्री.
कावळा. इतक्या दिवसांत उडाला नव्हता.

माझ्यापुढे सरंग्यांची टोपली, भोवती पन्नासेक माणसं.
मी टोपली पायाने बाजूला सारली
आणि ज्या आवाजात इसवण विकतो
त्याच आवाजात पुकारलं:
साडेचार हजार! माझे! बुडालेले! एक वार.
रोशनने फोन खाली केला.
साडेचार हजार, दोन वार.
पेडणेकरांचा हात कानाकडे निघाला, वाटेत थांबला.
आणि रेहाना मुजावर बोलली.
तेवीस वर्षांत तिचा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला.
"माझे सात."
मागून बर्फवाला म्हणाला, "बारा. पोराचा कॅमेरा."
पेडणेकर वाळूकडे बघत पुटपुटले, "अठरा."

तीन वार मी म्हटलंच नाही.
बोली अजून चढत होती.